माल वेगळा, मांडणी वेगळी

लूमखाली रुई साचते, ती काही कोणी आणून टाकत नाही. वर खटखट चालू असते, खाली तंतू गळत असतात, आणि एक दिवस झाडू घातला की उशी भरेल एवढा ढीग निघतो! आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचं तसंच झालं. आम्ही काम करत होतो हो, खरंच! किस्से आपले आपण साचले.

आधी माझी ओळख. मी हौसाबाई, अंजूरची. ऑफिसात सगळे हौसाआत्या म्हणतात. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं माझं मी शिकले. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी क्रेडिट घ्यायला यायचं नाही! मोठे शेट होते तेव्हा मी ग्राफपेपरवर चौकोन रंगवायची. त्या चौकोनांवरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची आणि लूमवर साडीच्या काठात मोर उमटायचा. मग कार्डं गेली, कॉम्प्युटर आला. ऑफिसातल्या पुरुषांनी धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर टॉवेल घातला आणि लांबून नमस्कार केला. मी टॉवेल काढला. त्यांच्यात आणि माझ्यात एवढाच फरक!

आमचं ऑफिस भिवंडीत, पहिल्या मजल्यावर. खाली लूम, वर आम्ही. लूमवाल्यांना कापडाची डिझाईनं करून देतो. मालक विनूशेट, मोठ्या शेटचा मुलगा. गिऱ्हाईक समोर असलं की मी त्याला विनूशेट म्हणते, नसलं की विन्या. हाफपँटीत पाहिलाय मी त्याला! सादिक डिझाईन काढतो. पल्लवी कोन गावाहून येते, गिऱ्हाईकं सांभाळते. आणि कोपऱ्यात एक काळी पेटी आहे, सर्व्हर. ती मी सांभाळते.

पेटीत बऱ्याच डिस्क आहेत, पण सगळ्या मिळून एकच मोठी कोठी. इंग्रजीत तिला स्टोरेज पूल म्हणतात, आम्ही कोठीच म्हणतो. कोठीत मोठ्या शेटच्या काळापासूनची सगळी डिझाईनं. हा झाला माल. आणि कुठली डिस्क कोणाच्या जोडीला, कुठल्या गिऱ्हाईकाचा कप्पा कुठला, तो कोणी उघडायचा, कुलपाची किल्ली काय, ही झाली मांडणी. मांडणी कोठीत नसते. ती एका वेगळ्याच बारक्या डिस्कवर असते, पेटीच्या डोक्यात म्हणा. ती बारकी डिस्क गेली की माल जागच्या जागी आणि आपण दाराबाहेर!

म्हणून मी मालाचा बॅकअप वेगळा ठेवते आणि मांडणीची फाईल वेगळी काढून पेनड्राईव्हवर ठेवते. बस. एवढ्यावरून हे सगळं रामायण!

*

विनूशेटला माझ्या फाईलचं भारी हसू यायचं.

"आत्या, रोजच्या रोज सगळा माल मानकोलीच्या गोडाउनमधल्या दुसऱ्या पेटीत कॉपी होतो. मग हे पेनड्राईव्हचं सोवळं कशाला?"

मी म्हटलं, "कापडाचे सगळे धागे तुला दिले आणि कुठला धागा कुठून ओवायचा ते नाही सांगितलं, तर त्याला काय म्हणतात?"

"काय?"

"सुतळी!"

सादिक हसला. तिथंच माशी शिंकली. शेटला हसलेलं चालतं, पण दुसऱ्याला हसलेलं! तो म्हणाला, "आत्या, मी विचार केलाय. दिवाळीनंतर क्लाऊडवाला माणूस ठेवतो. शिकलेला आहे. तुम्ही आता घरी आराम करा."

आराम! मला! मी खुर्चीतून उठलेच.

"ऐक विन्या. ज्या दिवशी ही पेटी बंद पडेल आणि तू माझ्या फाईलशिवाय ती चालू करून दाखवशील, त्या दिवशी मी चपला घालून चालायला लागेन. मागे वळून बघणार न्हाय."

"आणि नाही झाली चालू तर?"

"तर ही खुर्ची माझी, मरेपर्यंत. आणि मेल्यावर माझा फोटो इथंच लावायचा. पेटीच्या बरोब्बर वर!"

"हार रोज घालायचा का?" पल्लवीने विचारलं.

"रोज. आणि प्लॅस्टिकचा न्हाय!"

शेटने हातावर हात मारला. पैज लागली.

*

पैज जिंकायची म्हणून शेटने स्वतः कधी नव्हे ते मांडणीची फाईल काढली. मला दाखवायला! "बघा आत्या, दोन क्लिकचं काम. उगाच एवढं अवडंबर."

"शाब्बास. ठेवलीस कुठे?"

"सगळ्यात सुरक्षित जागी."

"म्हणजे कुठे?"

"कोठीत!"

सादिकने माऊस सोडला आणि डोळे मिटून घेतले.

म्हणजे बघा, कोठीच्या कुलपाची किल्ली कोठीत ठेवली आणि वरून कुलूप घातलं. आता याला काय सांगायचं? पण देव माझ्या बाजूने असतो. आदल्याच दिवशी शेटच्या बायकोने, शीतलवहिनींनी, कचरेवाल्याच्या मागे धावताना लॅचचं दार ओढून घेतलं होतं. चाव्या आत, गॅसवर दूध आत, वहिनी बाहेर! शेट शेजाऱ्यांच्या गॅलरीतून टांग टाकून घरात उतरला होता आणि सकाळपासून वहिनींच्या बावळटपणाचं वर्णन आम्हाला तीनदा ऐकवून झालं होतं.

मी शांतपणे विचारलं, "विनूशेट, वहिनींनी चाव्या कुठे ठेवल्या होत्या?"

"टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये. का?"

"न्हाय, जागा तशी सुरक्षितच होती की!"

त्या दिवशी शेटने चहा एकट्याने घेतला.

*

दसऱ्याला आमच्याकडे लूमची पूजा असते. खाली प्रत्येक लूमला झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. वर पेटीची पूजा पल्लवी करते. एका वर्षी तिने कोनहून स्वतःच्या परसातला झेंडू आणला आणि एवढा मोठा हार ओवला, की पेटी नुसती नवरदेवासारखी दिसत होती. पुढूनही फुलं, मागूनही फुलं. वाऱ्याची जाळी होती तिथं तर गजराच!

आरती झाली. प्रसाद वाटला. आणि पेटी ओरडायला लागली. टीं... टीं... टीं...

शेटने डोळे मिटून हात जोडले. "आत्या! पावली!"

मी धावत जाऊन हार ओरबाडला. "पावली न्हाय रे, तापलीय!"

सादिक पुठ्ठ्याने वारा घालत म्हणाला, "दुल्हे को पहले साँस तो लेने दो!"

*

आता माणूस म्हटलं की हा प्रश्न आलाच, मी गेल्यावर काय? मांडणीच्या फाईलमध्ये कोठीची किल्ली असते, म्हणून त्या फाईललाही पासवर्ड घातलेला. तो माझ्या डोक्यात. पण डोकं काही अमरपट्टा घेऊन आलेलं नाही. म्हणून मी पासवर्डचे दोन तुकडे केले. पहिला अर्धा सादिकला, दुसरा अर्धा पल्लवीला. एकाने टाईप करायचं तेव्हा दुसऱ्याने भिंतीकडे बघायचं. एकट्यादुकट्याला फाईल उघडताच येऊ नये. केवढी हुशारी!

मी सगळा विचार केला होता. एकच राहिला. दोघांचं भांडण झालं तर?

झालं! पंख्यावरून. सादिकला पंखा पाचवर लागतो आणि पल्लवीच्या बिलांची पतंगं होतात. तिने पंखा दोनवर आणला, त्याने पाचवर नेला, तिने रेग्युलेटरची खुंटीच काढून पर्समध्ये टाकली. बोलणं बंद!

आणि नेमकी माझ्या तालमीची वेळ. मी अधूनमधून तालीम घेते. पेटी पडलीय असं समजायचं आणि फाईल उघडून बघायची. उघडत नसेल तर तो बॅकअप नाही, ती समजूत.

सादिक भिंतीला सांगतो, "आत्या, मॅडमला बोला, दीवार की तरफ मुँह करें।"

पल्लवी पंख्याला सांगते, "आत्या, त्यांना सांगा, मी कधीची भिंतीकडेच बघतेय. त्यांचा चेहरा बघण्यापेक्षा बरी आहे."

त्याने त्याचा अर्धा टाकला. ठाक् ठाक् ठाक्! तिने तिचा टाकला. ठक् ठक् ठक्! पासवर्ड चुकीचा.

"इन्होंने जान-बूझ के गलत डाला!"

"आत्या, माझा बरोबर आहे! आईशप्पथ!"

पुन्हा. पुन्हा चुकीचा. आता सादिक लाल, पल्लवी पांढरी. मी चष्मा लावून की-बोर्ड बघितला. मेल्याने रागारागात कॅप्स लॉकवर अशी मूठ मारली होती, की बटण दबून आतच बसलं होतं!

मागे उभा राहून विनूशेट सगळं बघत होता. म्हणाला, "बँकेच्या लॉकरलासुद्धा दोन किल्ल्या असतात आत्या. पण त्या एकमेकींशी अबोला धरत नाहीत!"

एवढं मात्र कबूल. चांगला बोलला.

*

तेव्हाच पल्लवीने भीतभीत विचारलं, "आत्या, पण तुम्ही खरंच गेलात, आणि त्या महिन्याची फाईल काढायची राहिली असली, तर आम्हाला कळणार कसं?"

"सोप्पं हाय. दहाव्याला घाटावर यायचं. कावळा पिंडाला शिवला, म्हणजे फाईल काढून झालीय. न्हाय शिवला, तर राहिलीय असं समजायचं. हात जोडून म्हणायचं, आत्या, काळजी करू नका, आम्ही काढतो. लगेच शिवेल!"

सादिक म्हणाला, "आणि मला कोण सांगणार?"

"पल्लवी सांगेल. तोवर बोलायला लागली असली तर!"

*

आता हळद. आमच्या अंजूरची हळद ज्याने बघितली नाही त्याला मी काय सांगणार? लग्न दुसऱ्या दिवशी असतं, पण जीव हळदीत! माझ्या भावाच्या नातीची हळद, मांडव आमच्याच अंगणात. अंगणापुढे पूर्वी भातशेती होती, आता गोडाउनची भिंत. त्यामुळे डीजेचा आवाज भिंतीवर आपटून दोनदा ऐकू येतो. एका पैशात दोन डीजे! डीजे माझा भाचा, नरेश.

ऑफिसातले सगळे आले होते. विनूशेटही आला. नव्या कोऱ्या चामड्याच्या चपला, करकर वाजणाऱ्या. सगळ्यांनी मांडवाबाहेर चपला काढल्या, रांगेने. नरेशला तिथं स्पीकर लावायचे होते. त्याने काय करावं? फावडं घेतलं आणि अख्ख्या गावाच्या चपला कोपऱ्यात लोटून एकच ढीग घातला!

नाचून दमून माणसं बाहेर आली. मग काय विचारता! जिल्हा परिषदेचे माजी मेंबर एका पायावर उभे. विहीणबाई ढिगात कोपरापर्यंत. आणि विनूशेट एक डावी चप्पल छातीशी धरून फिरतोय. "आत्या, माझी उजवी! आत्या, चोरीला गेली का हो?"

मी म्हटलं, "छे! एकही चप्पल चोरीला गेली न्हाय. फुल बॅकअप हाय बघ समोर! फक्त मांडणी गेलीय!"

शेट घरी गेला तेव्हा डाव्या पायात स्वतःची चामड्याची होती. उजव्या पायात गुलाबी, वर प्लॅस्टिकचं फूल.

*

त्याच हळदीचा दुसरा भाग ऑफिसात उघडकीला आला.

मांडणीचा पेनड्राईव्ह तेव्हा मी घरच्या देव्हाऱ्यात ठेवायची, खंडोबाच्या टाकामागे. ऑफिस वेगळं, गाव वेगळं, आणि देव्हाऱ्याला आंघोळ केल्याशिवाय कोणी हात लावत नाही. यापेक्षा चांगली जागा सांगा! महिन्याची तालीम आली. मी पदराच्या गाठीतून पेनड्राईव्ह काढून सादिकला दिला. समोर गिऱ्हाईक बसलेलं. वयस्कर, हाजी माणूस, मितभाषी. पडद्याच्या कापडाचं डिझाईन पसंत करायला आलेले.

सादिक म्हणाला, "आत्या, हे काय? फाईलचं नाव बदललंय."

"उघड की."

त्याने उघडली.

धाड् धाड् धाड् धाड्! बेंजो, ढोलकी, आणि मागून नरेशचा आवाज: "अंजूरकर, हात वरीऽऽ!"

पल्लवीच्या हातून चहा सांडला. सादिक घाबरून दुसरी फाईल उघडतो, त्यातही बेंजो! तिसरी, त्यात नुसत्या शिट्ट्या! मी तिथल्या तिथं नरेशला फोन लावला. "मेल्या, माझा पेनड्राईव्ह?"

"आत्ये, तुजा पेनड्राईव्ह तर रिकामाच व्हता गो! त्यान एक पन गाना नव्हता! मी पुसून साफ केला आन् भरून परत देवापाठी ठेवला. चांगला वाजला ना?"

गिऱ्हाईक एवढा वेळ गप्प बसून होतं. त्यांची बोटं मात्र टेबलावर ठेका धरत होती. म्हणाले, "बहन, डिझाईन बाद में देखेंगे। ये वाला जरा फिर से लगाओ।"

पेटी तेव्हा धडधाकट होती म्हणून बरं. मी लगेच नवी फाईल काढली. पण धडा मिळाला. देव्हारा गेला. आता अशी जागा पाहिजे, जी ऑफिसच्या बाहेर असेल, जिला परका माणूस हात लावणार नाही, आणि जिची कोणीतरी डोळ्यात तेल घालून राखण करील. मी चार दिवस विचार केला.

*

पाचव्या दिवशी विनूशेटने नवी गाडी घेतली. पांढरी, मोठी, रस्त्यात मावत नाही अशी.

आता विनूशेट शिकलेला माणूस, पण गाडीच्या बाबतीत अगदी बाळंतीण! पुढे लिंबूमिरची, मागे काळी बाहुली, खाली कोणाची तरी जुनी चप्पल बांधलेली. तरी पहिल्याच आठवड्यात मानकोली नाक्यावर कंटेनरने आरसा घासला आणि दोनदा टायर पंक्चर. शेट हवालदिल. "आत्या, नजर लागली हो गाडीला."

"लागणारच. थांब, मी ताईत करून देते."

मी घरी बसून काळ्या कापडाची छान पिशवी शिवली, चारी बाजूंनी दुहेरी टीप, वर लाल गोफ. "गाडीत आरशाजवळ न्हाय टांगायचा. उन्हात ताईत नासतो. स्टेअरिंगखालच्या कप्प्यात ठेवायचा. कोणाला दाखवायचा न्हाय. उसवायचा तर मुळीच न्हाय. आणि दर अमावास्येला माझ्याकडे द्यायचा. धूप दाखवून, पुन्हा भारून परत देते."

शेटने दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांना लावला.

तेव्हापासून रोज गाडी काढायच्या आधी कप्पा उघडून तो त्याच्या पाया पडायचा. अमावास्येला सकाळी पहिलं काम, ताईत माझ्या टेबलावर. "आत्या, नीट भारा हं. उद्या पुण्याला जायचंय." मी धूप लावायची, पेटीपाशी बसायची, आणि संध्याकाळच्या आत शिवलेला ताईत परत! एकदा माझ्या लक्षात राहिलं नाही, तर शेटनेच आठवण केली. "आत्या, आज अमावास्या. विसरलात?"

एवढा वक्तशीर माणूस मी जन्मात बघितला नाही.

*

आणि मग यंदा, नवरात्र संपलं आणि दिवाळीच्या कामाची नुसती झुंबड, त्या दिवसांत पेटी पडली.

सकाळची वेळ. लाईट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. लूम सुरू झाले, पंखा सुरू झाला, पेटी सुरू झाली नाही. मी झाकण काढून बघितलं. कोठीच्या सगळ्या डिस्क ठणठणीत. डोक्यातली बारकी डिस्क मात्र खलास.

"पोट शाबूत, डोकं गेलं," मी जाहीर केलं.

मला वाटलं, शेट घाबरेल. तो तर खूश झाला! बाह्या सरसावल्या. "आता बघाच आत्या! मालाचा बॅकअप आहे आपल्याकडे!" त्याने क्लाऊडवाल्या माणसाला फोन केला. नुकताच ठरवलेला, नाव समीर, स्वभावाने गरीब. त्याला मानकोलीला पाठवून गोडाउनमधली दुसरी पेटी मागवली. तेवढ्यात खाली लूमवाले जमायला लागले. डिझाईन नाही म्हणून लूम उभे. जिन्यावर गलका.

शेट मला म्हणाला, "आत्या, चपला कुठे काढल्यात? आणून देऊ?"

मी म्हटलं, "दोन्ही पायांच्या आणशील ना?"

खरं सांगू? तोंडाने बोलले, पण खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. ती खुर्ची म्हणजे काय आहे मला माहीत. घरी कोण विचारतंय, हौसाबाई आज काय शिकलात म्हणून?

समीरने दुसरी पेटी लावली. सुरू झाली! शेटने टाळी वाजवली. समीरने कोठी उघडायला घेतली. थांबला. घाम पुसला.

"सर, याला लॉक आहे."

"मग उघड ना!"

"की लागेल सर. दोन्ही पेट्यांना एकच की आहे. डेटा सगळा आहे, पण की..."

"की कुठे असते?"

"कॉन्फिगच्या बॅकअपमध्ये. तो वेगळा ठेवलेला असतो." बिचारा इकडेतिकडे बघत म्हणाला, "ठेवला असेलच ना तुम्ही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खारी चहात बुडवली. "माझ्या फाईलशिवाय चालू करायची होती ना? चालू दे. मी बसलेय."

शेटने मोठ्या शेटच्या फोटोकडे बघितलं. फोटोखाली ते पहिलं मोराचं डिझाईन फ्रेम करून लावलंय. तसं एकेक, हजारो, त्या दोन पेट्यांत. दोन्हींना कुलूप. त्याचा चेहरा हाफपँटीतला झाला.

"आत्या," तो म्हणाला, "हरलो. फाईल द्या."

"माझ्याकडे न्हाय."

पल्लवीने "अगं बाई!" म्हणून डोक्याला हात लावला. सादिक म्हणाला, "आत्या, मजाक मत करो। मंदिरवाली?"

"ती हळदीत नाचली."

"मग कोणाकडे आहे?" शेट जवळजवळ ओरडला.

"तुझ्याकडे. रोज तिच्या पाया पडतोस."

शेट मग धावत गेला आणि मोठ्या शेटचा फोटो खाली उतरवून मागे बघितलं! पाल निघाली. मग ऑफिसातल्या गणपतीचा पाट उचलला. झुरळ निघालं. मग तो हळूहळू वळला. माझ्याकडे बघितलं. खिडकीतून खाली, गाडीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे.

"आत्या... न्हाय."

"हाय!"

पायऱ्यांवर लूमवाले उभे होते त्यांच्यातून तो असा गेला, की दोघं बाजूला पडले. वर आला तेव्हा ताईत दोन्ही हातांच्या ओंजळीत. मी कात्री पुढे केली. तर म्हणतो कसा, "उसवला तर याची ताकद जाईल का हो?"

"विन्या, आण इकडे!"

दुहेरी टीप उसवली. आतून पेनड्राईव्ह निघाला. मागच्याच अमावास्येला भारलेला! समीरने नवी बारकी डिस्क घातली, फाईल चढवली. पासवर्ड मागितला. पल्लवीने न सांगता भिंतीकडे तोंड केलं. सादिकने त्याचा अर्धा टाकला, मग तोंड फिरवलं. पल्लवीने तिचा टाकला. कॅप्स लॉक मी स्वतः बघितलं होतं.

पेटी गुरगुरली. एकेक कप्पा, एकेक गिऱ्हाईक, जो तो आपापल्या जागी. सादिकने मोराचं डिझाईन उघडलं. उघडलं! जिन्यावर शिट्ट्या. पल्लवी आणि सादिकने एकमेकांना टाळी दिली, मग आठवलं आणि हात मागे घेतले. समीर माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, "नुसता वाकू नकोस. उद्यापासून सकाळी ये, शिकवते."

शेट मात्र ती रिकामी काळी पिशवी हातात घेऊन उलटसुलट करून बघत होता. मग माझ्या खुर्चीपाशी आला. स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसली.

"खुर्ची तुमची आत्या. फोटो कुठे लावायचा तेही तुम्हीच दाखवून ठेवा. हार खराच घालू."

"बरं."

तो तिथंच घुटमळला. पिशवी माझ्यापुढे ठेवली. आवाज खाली आणला.

"एवढा ताईत मात्र आत्ताच्या आत्ता शिवून द्या. कल्याणला जायचंय."

"देते की. पिशवीला दोन टाके घातले की झालं."

"नुसती पिशवी नको!" तो एकदम ओरडला. "आत फाईल घातलेली पाहिजे. आजची, ताजी! आत्या, तो पेनड्राईव्ह आत होता तेव्हापासून एक पंक्चर नाही झालं!"